ओल, ऊन आणि भाद्रपदातली रानफुलं

गौरी यायच्या आदल्या दिवशी डोंबिवलीच्या बाजारात मुळासकट उपटलेल्या तेरड्याच्या जुड्या येतात. ठाणे-रायगडकडच्या अनेक घरांत गौर म्हणजे मुखवटा नव्हे, ही जुडीच. अनुराधा नक्षत्रावर ती घरात यायची, ज्येष्ठावर पुजायची, मूळ नक्षत्रावर वाहत्या पाण्यात सोडायची. सोबत आघाडा, हळदीची पानं आणि मिळाली तर कळलावीची लालपिवळी फुलं. तिला कोकणात ‘गौरीचे हात’ असंच म्हणतात. दोनच दिवस आधी गणपतीच्या पत्रीत माका, विष्णुक्रांता, दूर्वा येऊन गेलेल्या असतात. वर्षातल्या या आठवड्यात आपल्या घरांत जेवढी रानातली झाडं येतात तेवढी एरवी कधीच येत नाहीत. त्यातली बरीचशी एकाच प्रकारच्या जागेत वाढतात: जिथे पायाखाली ओल असते आणि डोक्यावर ऊन.

पावसाच्या चार महिन्यांत ठाणे परिसरात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाणी पडतं, पण जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत ढगांमुळे ऊन फार कमी. श्रावण सरता सरता ढग फाटू लागतात, जमीन अजून भिजलेली असते, आणि मग पंधरा-वीस दिवसांत सगळं फुलून येतं. या वनस्पतींपैकी बहुतेकांचं आयुष्य एका पावसाळ्यापुरतं असतं. पहिल्या सरीला उगवायचं, ऊन उघडलं की फुलायचं, दसरा-दिवाळीच्या सुमारास बी टाकून वाळून जायचं. उरलेले सात-आठ महिने ही झाडं बीच्या किंवा कंदाच्या रूपात कोरड्या, तापलेल्या मातीत पडून असतात. ही झोप नीट समजून घेतली की रानफुलं वाढवणं सोपं होतं. एरवी कितीही खत-पाणी घाला, झाड तगत नाही.

ओल आणि ऊन एका जागी का सापडतात, याचं उत्तर आपल्या दगडात आहे. सह्याद्रीचा आणि त्याच्या पायथ्याचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मलंगगडाच्या उतारांवर, भोपरच्या टेकडीवर या कातळावर मातीचा जेमतेम वीतभर थर असतो. पाणी खाली मुरू शकत नाही, म्हणून पावसाळाभर तो थर चिंब राहतो. आणि माती इतकी पातळ की मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून सावली नाही. ऑक्टोबरची उन्हं लागली की तीच माती आठ-दहा दिवसांत कडक होते. शिवाय दरवर्षीचा पाऊस तिच्यातली पोषणद्रव्यं धुऊन नेतो. ओली, उघडी, उपाशी आणि नंतर कोरडी, अशा चारही अटी पाळणारी जमीन बाहेरून ओसाड दिसते, पण भाद्रपदातली सर्वांत सुंदर फुलं तिच्यावरच येतात. अशा टेकडीवर सरसकट वृक्षारोपण करणं मला म्हणूनच पटत नाही. तिथे खड्डे खणून सावलीची झाडं वाढवली की गवताळ उतार जातो आणि त्याच्यासोबत उन्हाला सोकावलेली ही सगळी फुलंही जातात.

डोंबिवलीला कातळाखेरीज दोन जागा आणखी आहेत: उल्हास खाडीचा काठ, आणि खोणी-नेवाळीच्या बाजूला अजून उरलेले भाताचे बांध. रेल्वेलगतचे ओहोळ आणि एमआयडीसीतल्या मोकळ्या भूखंडांवर साचणारी पावसाळी डबकीसुद्धा वनस्पतींच्या दृष्टीने याच कुळातली.

ओळख पटवायची तर रंगापासून सुरुवात करू नये. पिवळी फुलं शेकड्यांनी आहेत. झाड कुठे उभं आहे, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फुलाच्या मागे काय आहे, ते दिवसाच्या कोणत्या वेळी उघडं असतं, एवढं आधी पाहावं. फोटो काढायचाच असेल तर एक समोरून, एक बाजूने, एक पान खोडाला जिथे चिकटतं तिथला आणि एक अख्ख्या झाडाचा, असे चार हवेत. नुसत्या फुलाच्या जवळून काढलेल्या देखण्या फोटोवरून जाणकारालाही नाव सांगता येत नाही.

तेरड्याचंच पाहा. गुलाबी फूल पानाच्या बगलेत लटकतं, त्याच्या मागे एक बारीक, वाकडी शेपटी असते, आणि मध असतो तो त्या शेपटीच्या टोकाशी. लांब सोंडेच्या कीटकालाच तो पोचतो. फूल उघडतं तेव्हा ते फक्त नर असतं: पुंकेसरांची एक टोपी स्त्रीकेसराला झाकून बसलेली असते. पराग देऊन झाले की टोपी गळते, आणि मग त्याच फुलातला मादी भाग उघडा पडतो. त्यामुळे फुलाला स्वतःचेच पराग सहसा लागत नाहीत. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण एका फुलापुरती खरी. झाड मात्र महिना-दीड महिना फुलत राहतं. पुढे केसाळ, फुगीर शेंगा येतात. पिकलेल्या शेंगेला बोट लागताच तिची सालं झटक्यात गुंडाळली जातात आणि बिया लांब उडतात. बागेतली दुहेरी पाकळ्यांची गुलमेंदी हीच जात, माणसाने निवडून वाढवलेली. रानातला तेरडा एकेरी असतो.

केना तर सोसायटीच्या प्रत्येक कुंपणाखाली असतो. सकाळी निळा, दुपारपर्यंत मिटलेला. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, तिसरी लहानशी, आणि खाली हिरव्या शंकूच्या आकाराचं आवरण, ज्यातून एकेक फूल बाहेर येतं. पान खोडाला वेढतं तिथे तांबूस केस दिसले की हा आपला भजीचा केना. याच्या काही भाऊबंदांमध्ये ते आवरण शंकूसारखं जोडलेलं नसून नुसतं दुमडलेलं असतं. केन्याची सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. वरच्या निळ्या फुलांखेरीज त्याला मातीतही फुलं येतात, जी कधी उघडतच नाहीत, स्वतःच्याच परागांनी फळतात आणि तिथेच बी धरतात. वरचं झाड गुरांनी खाल्लं किंवा कुणी कापलं तरी पुढच्या वर्षाची सोय झालेली असते.

कवळा बाजारात आषाढ-श्रावणात भाजी म्हणून येतो. शहापूर, मुरबाड, कर्जतच्या बाजूने येणाऱ्या बायका टाकळा, कुर्डू, कवळा अशा जुड्या लावून बसतात. ही भाजी घेणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी तिचं फूल पाहिलेलं असतं. चिंचेसारखी बारीक संयुक्त पानं, संध्याकाळी मिटणारी, आणि वाटाण्याच्या कुळातलं छोटं पिवळं फूल. याच्याच एका भावंडाच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात. कासला जाणारे पर्यटक त्याला मिकी माउस म्हणतात, आणि ते नाव आता मराठीत रुळलंही आहे. कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला तेव्हापासून रानफुलं म्हटलं की सगळे साताऱ्याकडे निघतात. कवळ्याचं कुळ पाहायला एवढ्या लांब जायची गरज नाही. भाताच्या बांधावर, ओल्या गवतात ते आपल्याकडेही आहे.

माका ओळखायचा तो हाताने. पान चुरगाळलं की रस काही क्षणांत काळा पडतो. केसांच्या तेलात तो का गेला असावा याचा अंदाज तिथेच येतो. पांढरी, बटणाएवढी फुलं, खरखरीत समोरासमोर पानं, आणि पत्ता नेहमी ओहोळाच्या काठचा. त्याच्याशी गल्लत होते ती एकदांडीची. तिचं फूल वीतभर उंच, एकट्या दांड्यावर असतं, ती कोरड्या जागीही तग धरते, आणि ती मुळात अमेरिका खंडातली. पाणलवंगेची चार पाकळ्यांची पिवळी फुलं भातखाचरात दिसतात. पाकळ्या गळल्यावर उरणारं लांबट फळ थेट लवंगेसारखं. डबक्याच्या कडेला काटेरी, निळ्या-जांभळ्या फुलांचा तालिमखाना उभा असतो, तो ऑक्टोबरात. आणि डबकं जरा जुनं, स्वच्छ असेल तर पाण्यावर कुमुदिनी तरंगते: पांढरी पाकळी, तिच्यावर दाट रेशमी झालर, मध्ये पिवळा ठिपका.

कळलावीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती सर्वांत मोहक आणि सर्वांत धोकादायक. पानाचं टोकच वळून तणाव्यासारखं आधाराला धरतं. अशी खूण आपल्याकडच्या फार थोड्या वेलींना आहे. फुलाच्या सहा पाकळ्या कडेने नागमोडी, वर उलटलेल्या, आधी हिरवट-पिवळ्या आणि दिवसागणिक केशरी-लाल होणाऱ्या. स्त्रीकेसर काटकोनात बाजूला वळतो. ती तमिळनाडूचं राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचं तीव्र विष असतं. संधिवाताच्या एका प्रकारावर हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत औषध म्हणून देतात, पण कंदाचा तुकडा पोटात जाणं जिवावर बेतू शकतं. घरात लहान मूल, कुत्रा-मांजर असेल तर ही कुंडीत लावू नये.

मग येतात ती फुलं, जी फक्त पाहायची. कातळावरच्या पाण्याच्या पातळ पडद्यात सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, नखाएवढी. त्यांच्या मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी एखादा जलचर जीव आला की झाकण उघडतं आणि तो आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात. उपाशी मातीत नत्र मिळत नाही, म्हणून वनस्पती शिकार करते. जवळच कुठे दवबिंदू ही वनस्पती असेल तर ती हेच काम चिकट केसांनी करते. संध्याकाळी ओल्या गवतात लांब नळीची पांढरी तुतारी उमलते. ती गवताच्या मुळांना आपली मुळं जोडून थोडं पोषण उसनं घेते. जमिनीवर उगवणाऱ्या आमरींना, म्हणजे ऑर्किडना, मातीतल्या ठरावीक बुरशीची साथ लागते. यांतलं एकही झाड उपटून आणून जगत नाही. कुंडीत खत पडलं की सीतेची आसवं मरतात, गवत नसलं की तुतारी मरते, बुरशी नसली की आमरी मरते. एका आमरीच्या कंदासाठी टेकडी खणणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांची फुलं खणून काढलेली असतात.

याउलट, सप्टेंबरात महामार्गाच्या कडेने केशरी रंग उसळतो तो पाहून लोक गाड्या थांबवतात. तो कॉसमॉस, मेक्सिकोचा. दिसायला प्रसन्न आहे, पण तो फुलला म्हणजे तिथली स्थानिक फुलं हटलेली असतात. सोसायट्यांच्या कडेला शोभेसाठी लावलेली, पिवळ्या फुलांची, जमिनीवर गच्च पसरणारी वेडेलियाही तशीच परकी. आपल्या पिवळ्या माक्याची ती जवळची बहीण, पण ओल्या जागी एकदा शिरली की दुसऱ्या कुणाला उगवू देत नाही. घाणेरी, रानमोडी ही नावं तर सगळ्यांना ठाऊक आहेत. गाजरगवत पुण्यात १९५०च्या दशकात दिसलं आणि तिथून देशभर गेलं. आपल्याकडे या परक्या तणांना वाट मिळते ती भरावातून. पावसाळी डबक्यावर राडारोडा टाकला की ओल जाते, वरची माती बदलते, आणि त्या मातीबरोबर आलेलं बी पुढच्याच जूनमध्ये उगवतं. एखाद्या भूखंडावर कुमुदिनी होती की गाजरगवत आहे, यावरून तिथे भराव पडला की नाही हे बहुतेक वेळा सांगता येतं.

शंका आली तर थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आजही उघडावा लागतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या या माणसाचं ते काम १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने छापलं गेलं. त्याआधी १८३९ मध्ये ग्रॅहम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली होती, १८६१ मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांनी आपला ग्रंथ काढला. फोटो पाहून ओळखायचं तर श्रीकांत इंगळहळीकरांची सह्याद्रीतल्या फुलांवरची पुस्तकं सर्वांत उपयोगी, हे माझं ठाम मत.

आता वाढवण्याकडे. इंटरनेटवर रानफुलांच्या बागेविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतांश थंड देशांतलं. तिथलं बी बर्फाळ हिवाळा सोसून मग उगवतं, म्हणून ‘बिया काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवा’ असा सल्ला असतो. आपल्या पावसाळी रानफुलांच्या बीला गारठ्याची सवय नाही. त्याला कोरडा, कडक मे महिना हवा. तेव्हा बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करावं, सावलीत वाळवावं, कागदी पाकिटात किंवा सुती पुरचुंडीत थोड्या राखेसकट ठेवावं आणि घरातल्या कोरड्या, गरम कोपऱ्यात राहू द्यावं. तेरड्याच्या शेंगा पिवळसर होऊ लागल्या की त्यांना पातळ मलमलची पिशवी बांधावी, नाहीतर बी हाती लागत नाही. टेकडीवरून घ्यायचं तर एका ठिकाणच्या शेंगांतल्या थोड्याच घ्याव्यात, बाकी तिथेच पडू द्याव्यात.

माती नर्सरीतली काळीभोर, शेणखताची नको. मुरूम, थोडी साधी माती, थोडी वाळू पुरते. श्रीमंत मातीत गवत आणि उंच तण आधी माजतं आणि ठेंगणी फुलं सावलीत गुदमरतात. खोल कुंडीपेक्षा पसरट घमेलं चांगलं, तळाला भोकं पाडलेलं. पाणी साचू द्यायचं नाही, माती ओली राहायला हवी एवढंच. डास होतात ते साचलेल्या पाण्यात, भिजलेल्या मातीत नव्हे. मेअखेरीस बी मातीवर नुसतं पसरावं, बोटाने हलकं दाबावं, वरून माती लोटू नये. पहिला पाऊस बाकीचं करतो. तेरड्याला पेरल्यापासून फुलायला साधारण साठ-सत्तर दिवस लागतात, म्हणजे ज्येष्ठात पेरलेला तेरडा भाद्रपदात गौरीला उभा राहतो. केना, नीरब्राह्मी यांना बीही लागत नाही. कांडं ओल्या मातीत आडवं ठेवलं की फुटतं. खाडीच्या काठी, थोड्या खारट चिखलातही वाढणारी नीरब्राह्मी डोंबिवलीच्या हवेत तर अगदी बिनतक्रार येते, फक्त ऊन हवं.

त्या उन्हाची एक गंमत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. डोंबिवली कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, सुमारे सव्वाएकोणीस अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या गॅलरीत जूनमध्ये कुंडी ठेवली की तिथे ऊन येईल असं वाटतं आणि रोप उगवतंही. पण फुलायच्या वेळी, भाद्रपदात, सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो आणि तीच गॅलरी सावलीत जाते. रोप लांबुडकं होतं, कळी धरत नाही. घमेलं ऑगस्टच्या सुरुवातीला पूर्व, पश्चिम किंवा दक्षिणेच्या ग्रिलमध्ये हलवावं. पाच-सहा तास उघडं ऊन मिळालं तर पुरे.

खरी निगा दिवाळीनंतर सुरू होते, आणि ती म्हणजे हात आवरणं. झाड पिवळं पडायला लागलं की आपण घाबरून पाणी वाढवतो. ते मरत नसतं, झोपायला निघालेलं असतं. रानहळद किंवा कळलावीचा कंद कुंडीत असेल तर कार्तिकात पाणी पूर्ण बंद करावं, वाळलेली पानं गळू द्यावीत, कुंडी आडवी करून कोरड्या जागी ठेवावी आणि पहिल्या पावसापर्यंत विसरून जावं. उन्हाळ्यात मायेने घातलेलं पाणी कंद कुजवतं. वर्षायू रोपांच्या घमेल्यातली माती उन्हात तशीच तापू द्यावी; गळलेलं बी तिच्यात असतं.

सोसायटीकडे मोकळी पट्टी असेल तर कुंड्यांचीही गरज नाही. बहुतेक ठिकाणी गणपतीच्या आधी स्वच्छता म्हणून गवत मशीनने खरडलं जातं, नेमकं सगळ्या रोपांना कळ्या आलेल्या असताना. साप आणि डासांची लोकांची भीती खरी आहे, ती झटकून टाकता येत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन फूट गवत कापून ठेवावं, मुलं खेळतात तो भाग पूर्ण कापावा, पाणी साचणारे खड्डे बुजवावेत. कुंपणालगतची, ऊन येणारी, पावसाळ्यात नुसतीच ओली राहणारी पट्टी मात्र कार्तिकापर्यंत कापू नये असं माळ्याला आधीच सांगावं. तिच्यातलं गाजरगवत, वेडेलिया, रानमोडी फुलण्याआधी हाताने उपटावं; ते काम जुलैत, माती मऊ असताना सोपं जातं. तुळशीच्या लग्नानंतर वाळलेलं गवत कापलं तरी चालतं, फक्त एक-दोन दिवस तिथेच पसरून मग उचलावं, म्हणजे अडकलेलं बी खाली पडतं. पहिल्या वर्षी बहुतेक केना, माका आणि कुर्डूच येतील. कवळा आणि तेरडा आपोआप यायची वाट पाहू नये, त्यांचं बी जवळच्या बांधावरून आणून मेमध्ये टाकावं.